आवाज उना का?

इंजिनातला सगळ्यात स्वस्त भाग कोणता असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, गजन पिनचं लॉक. पुस्तकातलं नाव सर्क्लिप. करंगळीच्या नखाएवढं, तारेचं, एका बाजूला तोंड उघडं असलेलं कडं. दोन कप चहाच्या पैशांत जोडी मिळते. आणि सगळ्यात महाग भाग कोणता असं विचारलं तरी माझं उत्तर तेच राहील. कसं, ते सांगतो. जरा दमानं घ्या, विषय थोडा तेलकट आहे :-)

पिस्टन सिलेंडरमध्ये वर-खाली होतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो ज्या दांड्याला जोडलेला असतो तो कनेक्टिंग रॉड. आणि या दोघांना जोडणारी, पिस्टनच्या पोटातून आरपार जाणारी पोकळ पोलादी कांडी म्हणजे गजन पिन. छोट्या इंजिनांत ही पिन बहुधा मोकळी असते. ती रॉडमध्येही फिरते, पिस्टनमध्येही फिरते. मोकळी असल्यामुळे ती झिजते कमी, पण मोकळी असल्यामुळेच हळूहळू एका बाजूला सरकू शकते. तिनं सरकून सिलेंडरच्या भिंतीला लागू नये म्हणून पिस्टनच्या भोकात दोन्ही टोकांना एकेक बारीक खोबण असते आणि त्या खोबणीत एकेक लॉक बसवतात. बस्स. एवढंच त्याचं काम. स्फोटाचा दाब ते घेत नाही, ताकद पुढे पोचवत नाही. दारात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं ते नुसतं बसून असतं.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते माझे मोठे मामा. पिंपळनेरला त्यांचं गॅरेज आहे. पिंपळनेर म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. (जिल्हा सांगावा लागतो, कारण महाराष्ट्रात पिंपळनेरं बरीच आहेत!) वरच्या अंगाला लाटीपाड्याचं धरण, पलीकडे सह्याद्रीचे डोंगर, त्यात विखुरलेले आदिवासी पाडे. नवापूर, सटाणा, साक्री, कुठूनही आलं तरी बाजाराला लोक इथेच येतात आणि बाजाराला येताना बिघडलेलं काहीतरी घेऊन येतात. नदीवरच्या जुन्या फडांतल्या शेतांना पाटाचं पाणी मिळायचं. ज्यांच्या नशिबी विहीर होती त्यांना इंजिन लागायचं. मामांची सुरुवात सत्तरच्या दशकाच्या शेवटी अशा पाणी ओढायच्या डिझेल इंजिनांपासूनच झाली. मग राजदूत आली, पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली काढलेली लूना खेड्यापाड्यांत पोचली, आणि ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८०. एम-८० वर दुधाच्या किटल्या, कांद्याच्या गोण्या, चाऱ्याचे भारे आणि वर एक माणूस असा संसार ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

२००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली रस्त्यावरून हळूहळू गेल्या. मला वाटलं होतं मामांचं टू-स्ट्रोकचं काम संपलं. पण ती इंजिनं रस्त्यावरून गेली ती शेतात शिरली. फवारणीचे पंप, गवत कापायची मशिनं, छोटे वीडर. खांद्याला अडकवता येईल एवढंसं इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. आज मामांच्या दारात मोटारसायकलींपेक्षा ग्रास कटरच जास्त असतात.

आता एक गंमत. मला लहानपणी वाटायचं की मोठं इंजिन म्हणजे मोठा धोका आणि छोटं म्हणजे खेळणं. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर एव्ही-१ घ्या. मिनिटाला १५०० फेरे, पिस्टनचा प्रवास ११० मिलिमीटर. त्याच्या गजन पिनचं लॉक चांगलं जाडजूड, दोन्ही टोकांना भोकं असलेलं. भोकांत टोकं घालायची खास पक्कड मिळते, ती दाबली की लॉक आवळतं, सोडली की बसतं. आता छोट्या इंजिनाचा हिशेब करू. पिस्टनचा प्रवास समजा ४० मिलिमीटर आणि मिनिटाला ६००० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा फिरतो, म्हणजे मिनिटाला १२,००० वेळा. त्या उलट फिरण्याच्या क्षणी मोठ्या इंजिनातल्या लॉकला स्वतःच्या वजनाच्या साधारण १४० पट हिसका बसतो. छोट्यातल्याला? ८०० पट! तारेचं ते लॉक भरतं फार तर पाव ग्रॅम. पण हिसक्याच्या क्षणी ते दोनशे ग्रॅमचं, जवळपास पावशेराचं होतं. तेही सेकंदाला दोनशे वेळा. आणि ते धरून ठेवायला काय, तर मिलिमीटरभरसुद्धा खोल नसलेली खोबण आणि तारेचा स्वतःचा ताण.

म्हणून बसवायची पद्धत महत्त्वाची. मामांची पद्धत मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पाठ झाली आहे.

पहिलं म्हणजे एका बाजूचं लॉक पिस्टन टेबलावर असतानाच बसवून टाकायचं. म्हणजे इंजिनाच्या उघड्या तोंडावर एकच बसवायचं राहतं. दुसरं, त्या उघड्या तोंडात फडकं कोंबायचं. कॉटन वेस्ट नाही, त्याचे धागे सुटतात. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा. लॉक निसटून क्रँककेसमध्ये पडलं की अख्खं इंजिन खोलायची पाळी. तिसरं, पिन ठोकायची नाही. छोट्या इंजिनाचा रॉड एका हातोडीत वाकतो. पिस्टन गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि पिन अंगठ्यानं आत जाते. चौथं, खोबण सुईनं कोरून काजळी काढायची. पाचवं, लॉक नवीनच. एकदा काढलेलं लॉक कितीही गोल दिसलं तरी त्याचा ताण गेलेला असतो.

मग खरं काम. लॉकचं एक टोक खोबणीत अडकवायचं, त्यावर डाव्या अंगठ्याचं नख दाबून धरायचं, लांब नाकाच्या पक्कडीनं दुसरं टोक आवळत आत न्यायचं आणि बारीक पेचकसाच्या घासून गुळगुळीत केलेल्या टोकानं सगळीकडून दाबत जायचं. बसलं की 'टक्' असा आवाज येतो. काहींच्या लॉकला पकडायला वाकडी शेपटी असते. तिनं बसवणं सोपं होतं, पण फार वेगानं फिरणाऱ्या इंजिनात ती शेपटीच तुटून पडायची भीती असते, म्हणून तिथे बिनशेपटीचं लॉक वापरतात. सोय आणि भरवसा एकत्र मिळत नाहीत, ते हे असं.

शेवटची गोष्ट, लॉकचं तोंड. ते वर किंवा खाली हवं, आडवं कधीच नको. मी एकदा मामांना का म्हणून विचारलं, तर त्यांनी मामीकडून भाकरी शेकायचा चिमटा मागवला. चिमटा उभा धरून वर-खाली हलवला, पाती जागच्या जागी. मग आडवा धरून वर-खाली हलवला, पाती फडफडायला लागली. "तोंड आडवं ठेवलं की त्याचे हात असे फडफडतात. मिटले की सुटलं." शिवाय लॉक उचकटायला पिस्टनच्या काठाला जी खाच असते, तिच्यासमोरही तोंड येऊ द्यायचं नाही. एवढं समजवायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मामींना मात्र चिमट्याचं तेल काढायला बराच वेळ लागला.

लॉक सुटलं तर काय होतं ते मी गेल्या पावसाळ्यानंतर पाहिलं. वरच्या पाड्यावरचा एक तरुण ग्रास कटर घेऊन आला. त्याची स्वतःची जमीन थोडकी. मशीन घेऊन तो लोकांच्या बांधांवरचं गवत कापून द्यायचा, घर त्यावर चालायचं. दुसरीकडे कुठेतरी रिंगा बदलून घेतल्या होत्या आणि आठ दिवसांत मशीन आवाज करून बंद पडलं. मामांनी हेड काढलं. सिलेंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत बोट जाईल असा चर. एका बाजूचं लॉक जागेवर नव्हतं. दुसऱ्या बाजूचं होतं ते जुनंच, पक्कडीचे दात उमटलेलं. पूर्वीचे ब्लॉक बिडाचे असत. चर पडला तरी बोअर करून थोडा मोठा पिस्टन टाकता यायचा, इंजिनाला दुसरा जन्म मिळायचा. या ग्रास कटरचा सिलेंडर ॲल्युमिनियमचा, आत क्रोमचा पातळ थर. तो बोअर होत नाही. फेकायचा आणि नवा घ्यायचा. तो पोरगा काही बोलला नाही, फक्त तो चर बोटानं चाचपत राहिला. हंगाम गवताचा होता आणि त्याच्या हातात मशीन नव्हतं. दोन कप चहाच्या पैशांची वस्तू कोणीतरी वाचवली होती. इंजिनातला सगळ्यात महाग भाग, तो हा.

मामा त्यावर चिडले नाहीत. उलट त्या दिवसापासून ते जरा गप्पच झाले. का, ते मला नंतर कळलं. गेली दोन-तीन वर्षं त्यांच्या हाताला कंप आहे. पाना चालतो, हातोडी चालते, कार्ब्युरेटरसुद्धा जमतो. पण लॉक जमेना. पक्कडीत धरलेलं लॉक खोबणीपाशी नेलं की थरथरायचं आणि उडून जायचं. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बसवून पाहिलं, म्हणजे उडालं तरी पिशवीतच राहील. चुंबकानं शोधून शोधून परत बसवलं. एकदा त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि म्हणाले, "मना हात आते ऐकत नही, भाचा." चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या हातांवर दुकान चाललं त्या हातांबद्दल माणूस एवढंच बोलतो. मी काय बोलणार? मी धोतराचं फडकं घडी करत बसलो.

हाताखाली एक पोरगा आहे, हुशार. पाड्यावरूनच येतो. पण मामा त्याला बाकी सगळं करू द्यायचे, लॉक नाही. कंजूषपणा नव्हता तो. त्यांना सांगताच येत नव्हतं. "नखाला कळतं" म्हणायचे. आता त्यांच्या नखाला कळतं ते त्या पोराच्या नखाला कसं कळवायचं?

मार्ग त्या पोरानंच काढला. त्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक जण नळीतून लॉक बसवत होता. मामांनी आधी उडवून लावलं. पण संध्याकाळी बघतो तर खडूनं फरशीवर नळीचं चित्र काढून बसलेले! दुसऱ्या दिवशी ते चित्र लेथवाल्याकडे गेलं.

नळी साधी आहे. बोटभर लांब. एक तोंड रुंद, त्यात लॉक सहज पडतं. आतून ती नरसाळ्यासारखी अरुंद होत जाते आणि दुसरं तोंड पिनच्या भोकापेक्षा केसभर लहान. रुंद तोंडातून लॉक टाकायचं, मागून दांडीनं ढकलायचं. पुढे जाता जाता ते आपोआप आवळलं जातं. मग नळीचं अरुंद तोंड पिस्टनच्या भोकावर टेकवायचं आणि दांडी दाबायची. लॉक नळीतून भोकात, भोकातून खोबणीत. पिन मात्र आधी थोडी मागे सरकवून खोबण मोकळी करून ठेवायची. नळीवर बाहेरून एक रेघ आहे. लॉकचं तोंड त्या रेघेवर ठेवलं आणि रेघ वर धरली की दिशा चुकायचा प्रश्नच नाही. पहिल्या नळीच्या आतल्या कडेनं लॉकवर ओरखडा उठला. लेथवाल्यानं कड मोडून आतून चकाचक घासून दिली. दुसऱ्या खेपेला पहिल्याच दाबात 'टक्'. मामांच्या कापऱ्या हातानं. कारण नळी एकदा टेकली की हात हलला तरी लॉक हलत नाही.

मला वाटलं, सुटला प्रश्न! आता कोणीही बसवेल. मी तसं म्हटलंही. मामांनी मान हलवली. मग त्यांनी एक जुना पिस्टन घेतला, खोबण साफ न केलेला, आणि नळीनं लॉक बसवलं. बसलं. दिसायला अगदी नीट. पण आवाज आला तो 'टप्'. खोबणीत काजळी होती, लॉक अर्धंच आत गेलं होतं. मामांनी पेचकसाचं टोक लावून ते फिरवायला सुरुवात केली तर तिसऱ्याच ढकलीला बाहेर आलं. नीट बसलेलं लॉक टोकानं ढकललं तर जड जड का होईना, खोबणीत गोल फिरतं आणि बाहेर येत नाही. म्हणाले, "नळीला खोबण दिसत नाही. नळीला लॉक जुनं का नवं तेही कळत नाही. जे दिलं ते ती ढकलते."

म्हणून त्यांनी त्या पोराला नळी लगेच दिली नाही. आधी महिनाभर रोज दुकान बंद करताना रद्दी पिस्टनांवर हातानं लॉक बसवायला लावलं. बोटं सोलली बिचाऱ्याची. मामा शेजारी बसून बघत नसत, नुसतं ऐकत. आणि दर वेळी तोच प्रश्न, "आवाज उना का?" पोरगा सुरुवातीला घाईघाईनं "उना" म्हणायचा. मग थांबून म्हणायला लागला. एके दिवशी म्हणाला, "नही उना, काका." मामांनी पिस्टन हातात घेतला. डोळ्यांना तर लॉक बसलेलंच दिसत होतं. पेचकस लावला आणि ते सुटून आलं. त्या रात्री नळी त्याच्या पेटीत गेली.

मला तेव्हा वाटायचं की अवजार म्हणजे माणसाच्या कसबाला पर्याय. आता तसं वाटत नाही. ती नळी म्हणजे मामांचा अंगठाच आहे, लोखंडात ओतलेला. थरथरत नाही, सोलत नाही, म्हातारा होत नाही. पण अंगठ्याला जे कळायचं ते मात्र नळीत उतरत नाही. ते दुसऱ्या माणसाच्या कानातच उतरवावं लागतं आणि त्याला महिना लागतो. घाईत असलो की आपण अवजार तेवढं पुढे देतो, महिना देत नाही. त्या तरुणाच्या सिलेंडरमधला चर अशाच कुठल्या तरी न दिलेल्या महिन्याचा असेल का?

आणि कामाचा स्वभावच असा की नीट झालं तर काहीच होत नाही. पूर्वी फडावर पाटकरी असायचा, रात्री-बेरात्री पाण्याचे बारे फिरवणारा. सकाळी पिकाला पाणी मिळालेलं असलं की त्याची आठवण कोणाला होत नसे. बारं चुकलं की मात्र सगळं गाव त्याच्या दारात. लॉकचं तसंच. बारा हजार वेळा मिनिटाला ते आपलं काम करतं आणि त्याची बातमी होत नाही.

सध्या दुकानात कामाची वाटणी झाली आहे. लॉक पोरगा बसवतो. मग पिस्टन मामांकडे जातो. ते हात पिस्टनवर टेकवून, म्हणजे कंप थांबतो, पेचकसाच्या टोकानं लॉक गोल फिरवून बघतात आणि मान हलवतात. घाई कितीही असो, त्या मानेशिवाय सिलेंडर चढत नाही. त्या ग्रास कटरवाल्याचं मशीनही असंच चढलं. सिलेंडर त्यानं हप्त्यांनी घेतला, मजुरी मामांनी घेतली नाही. लॉकचे पैसे मात्र घेतले, आणि बिलावर वेगळी ओळ लिहिली: 'पिन लॉक नवीन, २ नग'. बाकीच्या बिलांवरही ते आता असंच लिहितात. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मग मामांना सांगायला मिळतं.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणाचं छोटं इंजिन कधी खोललं गेलं, फवारणीचा पंप असो की जुनी लूना, तर एक करा. बिल देताना जुनी लॉकं हातात मागून घ्या. मिस्तरीनं ती लगेच काढून दिली, तर निश्चिंत घरी जा.